एकाच घरातली आतडी

१९८६ साली जपानमधल्या एका प्रयोगशाळेत एका कुत्र्यावर औषधांची चाचणी चालू होती. औषधं पेनिसिलिनच्या कुळातली. प्रश्न साधा होता: औषध दिल्यावर ते रक्तात किती चढतं, किती तास टिकतं आणि शरीराबाहेर कधी पडतं. त्या कुत्र्याच्या विष्ठेतून शास्त्रज्ञांनी ई. कोलाय या जीवाणूचा एक वाण वेगळा काढला आणि कोड्यात पडले. सेफोटॅक्झिम हे त्या काळचं नव्या पिढीतलं, भारी समजलं जाणारं प्रतिजैविक. या वाणावर त्याचा काही परिणाम होत नव्हता. जीवाणू एक विकर तयार करत होता आणि ते विकर औषधाचे तुकडे पाडत होतं. १९८८ मध्ये शोधनिबंध निघाला. विकराला नाव मिळालं एफईसी-१.

पुढच्याच वर्षी, १९८९ मध्ये, जर्मनीत म्युनिकला एका रुग्णाच्या नमुन्यात असाच प्रकार सापडला. त्या विकराचं नाव ठेवलं सीटीएक्स-एम: सेफोटॅक्झिमवरून ‘सीटीएक्स’ आणि म्युनिकचा ‘एम’. नंतर लक्षात आलं, की जपानी कुत्र्यातलं विकर याच घराण्यातलं होतं. आज हे घराणं जगभर पसरलं आहे. त्यातली सीटीएक्स-एम-१५ ही सर्वांत यशस्वी शाखा पहिल्यांदा ओळखली गेली ती १९९९ साली दिल्लीत घेतलेल्या नमुन्यांतून. मूत्रमार्गाच्या संसर्गाला नेहमीच्या गोळ्या लागू पडत नाहीत आणि डॉक्टर इंजेक्शनं लिहून देतात, तेव्हा पुष्कळदा त्यामागे हेच घराणं असतं.

म्हणजे या घराण्याच्या वंशावळीत अगदी वरच्या पानावर एक कुत्रा बसला आहे. तो मूळ पुरुष नव्हे, हे मात्र आधीच सांगायला हवं. ही जनुकं मुळात क्लुयवेरा नावाच्या जीवाणूंच्या गुणसूत्रात होती. हे जीवाणू माती-पाण्यात राहतात आणि माणसाला सहसा त्रास देत नाहीत. तिथून ती कधीतरी आतड्यातल्या जीवाणूंकडे आली. कुत्र्याच्या पोटात ती सापडली, कारण त्या पोटात नवं औषध जात होतं आणि तिथे शोधणारं कुणीतरी होतं.

ई. कोलायची बदनामी जरा जास्तच झाली आहे. थिओडोर एशेरिश या बालरोगतज्ज्ञाने १८८५ मध्ये तान्ह्या मुलांच्या शीमधून हा जीवाणू शोधला, तेव्हा त्याने नावातच ‘कोम्यून’, म्हणजे सर्रास आढळणारा, असा शब्द घातला होता. माणूस, कुत्रा, मांजर, गाय, सगळ्यांच्या आतड्यात तो असतो. संख्येने तो आतड्यातल्या वस्तीचा अगदी छोटा हिस्सा. बहुसंख्य असतात ते ऑक्सिजन न चालणारे जीवाणू. ई. कोलाय आपला एका कोपऱ्यात गुपचूप राहतो. तो मूत्रमार्गात, जखमेत किंवा रक्तात शिरला की भांडण सुरू होतं.

औषधाला तोंड द्यायची त्याची तयारी मात्र जुनी आहे. पेनिसिलिनवर काम करणाऱ्या अब्राहम आणि चेन या ऑक्सफर्डच्या जोडीने पेनिसिलिन निकामी करणारं विकर जगापुढे ठेवलं ते डिसेंबर १९४० मध्ये, आणि ते त्यांना मिळालं याच आतड्यातल्या जीवाणूत. ऑक्सफर्डमधल्या एका आजारी पोलिसाला पेनिसिलिनचं पहिलं इंजेक्शन मिळालं ते त्यानंतर, फेब्रुवारी १९४१ मध्ये. चोर येण्याआधी कुलूप लावतात. इथे कुलूप बाजारात येण्याआधीच चोराच्या हातात किल्ली होती.

किल्ली एकाकडे असणं ही फार मोठी गोष्ट नाही. ती वाटली जाते, तिथे खरी अडचण. हे पहिल्यांदा नीट कळलं तेही जपानमध्येच. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे आमांशाच्या साथी येत होत्या. १९५५ मध्ये हाँगकाँगहून परतलेल्या एका बाईच्या आतड्यात शिगेला हा आमांशाचा जीवाणू सापडला. सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल आणि टेट्रासायक्लिन या चारही औषधांना तो दाद देत नव्हता. एका वेळी एक बदल होत होत चार औषधांचा प्रतिकार जमायला केवढा काळ लागावा! पण १९५९ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं, की हा चारपदरी प्रतिकार शिगेला आणि ई. कोलाय यांच्यात एकगठ्ठा जातो. दोन वेगळ्या जातींचे जीवाणू एकमेकांना चिकटतात आणि एक दुसऱ्याला डीएनएचं छोटं कडं देतो. या कड्याला प्लाझ्मिड म्हणतात. शब्द जोशुआ लेडरबर्गचा, १९५२ मधला. केओ विद्यापीठातल्या त्सुतोमू वातानाबे यांनी १९६३ मध्ये या सगळ्याचा इंग्रजीत सविस्तर आढावा घेतला, तेव्हा पाश्चात्त्य जग जागं झालं.

मला प्लाझ्मिड समजावून सांगताना नेहमी विरजण आठवतं. शेजारणीने वाटीभर दही मागितलं तर आपण देतो आणि आपल्या घरचं दही काही संपत नाही. तिच्याकडे रात्रीतून पातेलंभर लागतं. ती पुढे तिच्या बहिणीला देते. जीवाणूही कडं देताना आधी त्याची प्रत काढतो; मूळ आपल्यापाशी ठेवतो. फरक एवढाच, की आपण विरजण ओळखीच्यांना देतो. जीवाणू जातपात बघत नाही.

आता माझ्या घरातली गोष्ट. आमच्या चिंगीने, म्हणजे लॅब्रॅडॉर कुत्रीने, गौरीजेवणाच्या दिवशी पुरणपोळ्यांचा डबा पाडला आणि तुपासकट साफ केला. संध्याकाळपासून जुलाब. घरात मेट्रोनिडॅझोलची अर्धी पट्टी होती. माझी दाढ काढली तेव्हा मिळालेली. दोन दिवसांत बरं वाटल्यावर उरलेल्या गोळ्या मी डब्यात टाकल्या होत्या. (हा पहिला अपराध.) वजनाचा अंदाज करून मी गोळी मोडली आणि पेढ्यात दडवून दिली. हा दुसरा. ती गोळी इतकी कडू असते, की चिंगीने पेढा तेवढा खाल्ला आणि गोळी थुंकून अर्धा तास तोंडातून फेस गाळत माझ्याकडे बघत राहिली. दुसरी गोळी मी घशात ढकलली. सकाळी जुलाब थांबले होते आणि मी स्वतःच्या वैद्यकीवर खूश होतो.

पुढच्या लसीच्या वेळी पशुवैद्य बाईंना मी हे अभिमानाने सांगितलं. त्या हसल्या नाहीत. “काका, गोळी न देताही थांबले असते,” एवढंच म्हणाल्या.

त्यांचं म्हणणं आता लेखी स्वरूपातही आहे. युरोपातल्या पशुवैद्यकांच्या ‘एनोव्हॅट’ या गटाने २०२४ मध्ये कुत्र्यांच्या अचानक लागलेल्या जुलाबांवर मार्गदर्शक सूचना काढल्या. कुत्रा बऱ्यापैकी हिंडता-फिरता असेल, तर प्रतिजैविक देऊ नका, असं त्या सांगतात. असे बहुतेक जुलाब आपोआप आटोक्यात येतात. लागतं ते पाणी आणि पचायला हलकं अन्न. (लस न झालेलं पिल्लू, ताप, सतत उलट्या, रक्तासोबत ग्लानी, यात मात्र तासभरही दवडू नये. पार्व्होसारख्या विषाणूच्या आजारात आतड्याचं अस्तर फाटतं आणि तिथे प्रतिजैविकाला खरंच काम असतं.)

न लागणारी गोळी दिली तर बिघडतं काय? टेक्सास ए अँड एम विद्यापीठात निरोगी कुत्र्यांना १४ दिवस मेट्रोनिडॅझोल देऊन त्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला. आतड्यातली वस्ती पार विस्कटली आणि औषध थांबवल्यावर चार आठवड्यांनीही ती पूर्वपदावर आली नव्हती. हे औषध मारतं ते ऑक्सिजन न चालणाऱ्या जीवाणूंना, म्हणजे बहुसंख्यांना. त्यातलेच काही पित्ताम्लांवर प्रक्रिया करून आतड्याचं वातावरण राखतात. कोपऱ्यातल्या ई. कोलायला या गोळीचं सुखदुःख नसतं. पण शेजारी मेल्यावर वाड्यात खोल्या रिकाम्या होतात. बाहेरून आलेल्या कुणा प्रतिकारक वाणाला एरवी शिरकाव मिळाला नसता, तो आता बिऱ्हाड थाटतो.

आणि हे झालं ई. कोलायला न लागणाऱ्या औषधाबद्दल. जी औषधं त्याला लागतात, त्यांच्यात निवड थेट होते: लागू पडणारे मरतात, न पडणारे उरतात आणि उरलेल्यांची पिढी वाढते. कुत्र्यांना सर्रास दिलं जाणारं एन्रोफ्लॉक्सासिन घ्या. नाव वेगळं, खोकं वेगळं, वर कुत्र्याचं चित्र. पण कुत्र्याच्या शरीरात त्याचा काही भाग सिप्रोफ्लॉक्सासिनमध्ये बदलतो. हेच सिप्रो आपण स्वतः घेतो. त्वचेच्या फोडांवर दिलं जाणारं सेफॅलेक्सिन, जखमेवर दिलं जाणारं अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक ॲसिड, ही तर नावासकट माणसांचीच औषधं. दुकान वेगळं असलं तरी कारखान्यातला माल एकच. मांजरांच्या बाबतीत युरोप-अमेरिकेत आणखी एक मोह आहे. मांजराला गोळी देणं म्हणजे हात रक्तबंबाळ करून घेणं. म्हणून सेफोव्हेसिन नावाचं इंजेक्शन निघालं, एकदा टोचलं की दोन आठवडे काम. मालक सुटला, डॉक्टर सुटला. औषध मात्र शरीरातून कित्येक आठवडे हळूहळू उतरत राहतं, आणि तेही तिसऱ्या पिढीचं सेफॅलोस्पोरिन, म्हणजे जपानी कुत्र्याच्या जीवाणूने ज्या जातीचं औषध फोडलं होतं, त्याच जातीचं.

आता अमेरिकेतल्या पिल्लांची हकीकत. ऑगस्ट २०१७ मध्ये फ्लोरिडाच्या आरोग्य खात्याने अटलांटाच्या सीडीसी या राष्ट्रीय संस्थेला कळवलं, की कॅम्पायलोबॅक्टर जेजुनाय या आतड्याच्या जीवाणूने सहा जण आजारी पडले आहेत आणि सगळ्यांचा संबंध पाळीव प्राण्यांच्या दुकानांच्या एकाच साखळीशी लागतो. कॅम्पायलोबॅक्टरने ताप, पोटात मुरडा आणि बऱ्याचदा रक्ताचे जुलाब होतात. अन्नातून होणारा हा नेहमीचा आजार; लोक कच्च्या कोंबडीला दोष देतात. इथे कोंबडी नव्हती. जीवाणूंच्या संपूर्ण जनुकसंचाचं वाचन केलं, तेव्हा फ्लोरिडातल्या पिल्लांमधले जीवाणू आणि दूर ओहायोतल्या एका गिऱ्हाइकाच्या पोटातला जीवाणू हे जवळचे सगे निघाले. शोध वाढत गेला. जानेवारी २०१६ ते फेब्रुवारी २०१८ या काळात १८ राज्यांत ११८ माणसं आजारी पडल्याचं नोंदलं गेलं. त्यांत २९ जण दुकानांतले कर्मचारी होते.

जीवाणू तपासले तर ॲझिथ्रोमायसिन, सिप्रो, टेट्रासायक्लिन, एरिथ्रोमायसिन, म्हणजे या आजारात डॉक्टर ज्यांच्याकडे वळतात ती सगळी औषधं निरुपयोगी. हे कुठून आलं, याचं उत्तर दुकानांच्या कागदपत्रांत सापडलं. १४९ पिल्लांच्या नोंदी तपासल्या. त्यातल्या १४२ पिल्लांना दुकानात येण्याआधी किंवा आल्यावर प्रतिजैविकाचा किमान एक कोर्स दिलेला होता. शंभरातल्या पंचाण्णवांना! निम्म्याहून जास्त पिल्लांना तर कोणताही आजार नसताना, केवळ होऊ नये म्हणून.

यात कुणी खलनायक शोधायला गेलं तर हाती फारसं लागत नाही. पिल्लू एका राज्यात जन्मतं, आठ आठवड्यांचं झालं की दलालाकडे जातं, तिथून ट्रकमध्ये इतर घरांतल्या पिल्लांबरोबर प्रवास करतं आणि काचेच्या पेटीत येऊन बसतं. आईपासून तुटलेलं, भेदरलेलं, पोट बिघडलेलं. जुलाब करणारं पिल्लू कोण विकत घेणार? म्हणून वाटेतल्या प्रत्येक मुक्कामावर कुणीतरी काळजीने किंवा धंद्याच्या भीतीने औषध पाजतो. एकेकट्याचा निर्णय समजण्यासारखा. सगळे मिळून मात्र त्यांनी प्रतिकारक जीवाणूची नर्सरी चालवली. आणि मग ते मऊ गाठोडं एखाद्या घरात जातं, जिथे तीन वर्षांचं मूल त्याच्या तोंडाला तोंड लावतं.

दुसरी वाट जाते स्वयंपाकघरातून. कुत्रा मूळचा लांडगा, त्याला कच्चं मांसच द्यावं, हा विचार गेल्या काही वर्षांत श्रीमंत देशांत जोर धरून आहे. २०१८ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी बाजारात मिळणारी गोठवलेल्या कच्च्या मांसाची ३५ पाकिटं तपासली. २८ पाकिटांत ईएसबीएल गटाची विकरं बनवणारा ई. कोलाय होता. सीटीएक्स-एम हे याच गटातलं मोठं घराणं. सात पाकिटांत साल्मोनेला. गोठवल्याने जीवाणू मरत नाहीत, झोपतात. आपल्याकडे कोंबडीवाल्याकडून मान-पाय-पोटा आणून कुत्र्याला घालणारी घरं भरपूर आहेत आणि बहुतेक ठिकाणी ते उकडून, भातात कालवून दिलं जातं. आमच्या आजीला लांडग्याचा सिद्धान्त माहीत नव्हता हे बरंच झालं. आता मुंबई-पुण्यातही कच्च्या आहाराचं कौतुक ऐकू येतं, तेव्हा मला त्या ३५ पाकिटांची आठवण होते. कुत्र्याला स्वतःला बहुधा काही होत नाही. तो वाहक होतो. प्रश्न त्या ओट्याचा असतो, त्या सुरीचा, आणि वाडगं चाटून आलेल्या त्याच जिभेचा.

इतकं वाचून कुणी कुत्रा-मांजर घराबाहेर काढायच्या विचारात असेल, तर थांबावं. डच संशोधकांनीच २०१९ मध्ये एक मोठा हिशेब मांडला: निरोगी माणसांच्या आतड्यात ईएसबीएल बनवणारा ई. कोलाय येतो तरी कुठून? त्यांच्या गणितानुसार सुमारे ६० टक्के वाटा माणसाकडून माणसाकडे. अन्नाचा वाटा १९ टक्क्यांच्या घरात. कुत्र्या-मांजरांचा आठ टक्क्यांच्या आसपास. तुमच्या आतड्याला सर्वांत जास्त धोका आहे तो तुमच्याच भाऊबंदांकडून. शिवाय कुत्रा आणि मांजर एका मापाने मोजायचे नाहीत. त्याच देशातल्या दुसऱ्या पाहणीत कुत्र्यांत शंभरामागे दहा-अकरा जणांकडे असा जीवाणू सापडला, मांजरांत एक-दोघींकडे. मांजर स्वतःची शी पुरते. कुत्रा दुसऱ्याची हुंगतो. स्वभावाचा एवढा फरक आकड्यांत दिसत असेल, तर मला नवल वाटणार नाही, पण हा माझा तर्क.

देवाणघेवाणीची दिशाही आपण गृहीत धरतो तशी नसते. कुत्र्याकडून आपल्याला काहीतरी लागेल, ही भीती जुनी; रेबीजने ती आपल्या मनात खोल घातली आहे. पण २०१३ मध्ये अमेरिकेतल्या कुत्र्या-मांजरांच्या नमुन्यांत एनडीएम-१ हे विकर सापडलं. दिल्लीच्या नावाने ओळखलं जाणारं, कार्बापेनेमसारखी अखेरची औषधं फोडणारं. कार्बापेनेम कुत्र्याला क्वचितच दिलं जातं; ते माणसांच्या रुग्णालयांतलं औषध. असा वारसा कुत्र्याकडे माणसाच्याच घरून गेला असण्याची शक्यता मोठी. उलट कोलिस्टिन या औषधाला चकवणारं एमसीआर-१ हे जनुक २०१५ मध्ये चीनमध्ये जाहीर झालं ते मुख्यतः डुकरांच्या संदर्भात, आणि काही महिन्यांतच ग्वांगझूमधल्या पाळीव प्राण्यांच्या दुकानात काम करणारा एक माणूस आणि त्या दुकानातले काही कुत्रे-मांजरं यांच्यात ते आढळलं. भारताने २०१९ च्या जुलैत अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांत कोलिस्टिन वापरायला बंदी घातली. डुक्कर, कोंबडी, माणूस, कुत्रा: विरजण घरोघर फिरतंय आणि पहिली वाटी कुणाची हे विचारण्यात आता फारसा अर्थ उरलेला नाही.

उपाय म्हणाल तर कंटाळवाणे आहेत. गोळीआधी तपासणी. संसर्ग वारंवार होत असेल तर नमुना घेऊन ‘कल्चर’ करणं, म्हणजे जीवाणू वाढवून कोणतं औषध लागू पडतं ते बघणं. त्याला दोन-तीन दिवस लागतात आणि पैसे लागतात. दवाखान्यात आलेल्या मालकाला दोन्ही नको असतं. त्याला आत्ता इंजेक्शन हवं असतं. पशुवैद्य नाही म्हणाला तर तो पुढच्या चौकातल्या दुसऱ्याकडे जातो. मीही गेलो असतो, पुरणपोळीच्या आदल्या दिवसापर्यंत. आणि मांजर पाळणाऱ्यांना एक आडवळणाची विनंती: घरातल्या औषधांचा डबा मुळात तिच्यासाठी उघडूच नका. प्रतिकार वगैरे दूर राहिला, साधी पॅरासिटामॉलची गोळी मांजराचा जीव घेते.

गेल्या पावसाळ्यात चिंगी दर अर्ध्या तासाने दाराशी जाऊन उभी राहू लागली. थेंबभर लघवी, पुन्हा दार. बाईंनी या वेळी औषध लिहायच्या आधी लघवीचा नमुना मागितला. तो पहाटे डाव धरून कसा मिळवला, ते सांगत नाही. तिसऱ्या दिवशी अहवाल आला: ई. कोलाय, ईएसबीएल पॉझिटिव्ह. खाली औषधांची यादी आणि प्रत्येकापुढे एक इंग्रजी अक्षर; ‘एस’ म्हणजे लागू, ‘आर’ म्हणजे नाही. ‘आर’ बरेच होते.

बायकोने तो कागद बराच वेळ हातात धरला. मग आतल्या खोलीत जाऊन कपाटातून एक फाइल आणली. महिन्यापूर्वी तिच्या आईला, म्हणजे घरातल्या आजीला, लघवीचा त्रास झाला होता, तेव्हाचा अहवाल त्यात होता. आम्ही दोन्ही कागद जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. प्रयोगशाळा वेगळ्या, एका कागदावर आजीचं नाव, दुसऱ्यावर ‘चिंगी, लॅब्रॅडॉर, मादी, सात वर्षं’. ‘आर’चा रकाना वरपासून खालपर्यंत सारखा. तेवढ्यावरून जीवाणू एकच होता असं सिद्ध होत नाही. त्यासाठी जनुकं वाचावी लागतात आणि आमच्यासाठी ती कोण वाचणार?

आजी आत झोपली होती. चिंगी नेहमीप्रमाणे तिच्या पायथ्याशी.